"शेवटची गाडी कुठे सोडली होती?" : नोकरीत गॅप असलेल्या नवीन ट्रक ड्रायव्हरला काम कसं मिळतं

प्रश्न विचारणाऱ्या भावाचं म्हणणं थोडक्यात असं. वय २७, गाव सिन्नर तालुक्यातलं. आयटीआय अर्धवट सुटलं, मग नाशिकच्या अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आठ महिने, तिथे ब्रेक देऊन काढलं, मग वर्षभर जेवणाची डिलिव्हरी, मग वडिलांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून १४ महिने घरीच, मधे द्राक्षाच्या पॅकहाऊसला एक सीझन, आणि शेवटी दोन महिने पिकअप चालवली ती पण सोडली कारण मालक पगारच देईना. हेवी लायसन निघून चार महिने झाले. नाशिकमध्ये द्वारका ते आडगाव तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जाऊन आला, तिघांनी "अनुभव नाही, आणि तू कुठं टिकतच नाहीस" म्हणून परत पाठवलं. आता एक एजंट म्हणतोय तीन हजार दे, दोन वर्षांच्या अनुभवाचं लेटर देतो. ते घ्यावं का, आणि मधले रिकामे महिने लपवावेत का, असा प्रश्न आहे.

लेटर घेऊ नको. महिने लपवू नको. पण एवढं बोलून तुझं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १४ वर्षं स्वतः गाडी चालवली, सुरुवात टाटा ४०७ वर, नंतर दहा चाकी. पाठीच्या दुखण्यामुळे स्टेअरिंग सुटलं, आणि गेली ११ वर्षं आडगावच्या ट्रक टर्मिनसच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही बघतो. २३ गाड्या आहेत, म्हणजे आम्ही मोठे नाही आणि एकदम लहानही नाही. ड्रायव्हर ठेवायचा की नाही हे बहुतेक वेळा मीच ठरवतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगू शकतो. सगळे मालक माझ्यासारखाच विचार करतात असं नाही, कंपनीचा फ्लीट वेगळा, दोन गाड्यांचा मालक वेगळा, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. तुला वाटतंय तुझा प्रॉब्लेम गॅप आहे. माझ्या मते गॅप नाहीये. ड्रायव्हर लाईनमध्ये गॅप कुणाला नसतो? कुणी कांदे काढायला गावी जातो, कुणाच्या घरी लग्न, कुणाचा अपघात होऊन पाय सहा महिने प्लास्टरमध्ये. माझ्याकडच्या सगळ्यात भरवशाच्या चार ड्रायव्हरांची सलग नोकरी मांडायला बसलो तर एकाचीही मांडता येणार नाही. मालक गॅपला घाबरत नाही, तो एकाच गोष्टीला घाबरतो, की हा माणूस माझी भरलेली गाडी रस्त्यात सोडून जाईल.

हे किती भारी पडतं ते नवीन माणसाला कळत नाही म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी आमची एक गाडी कांदा भरून दिल्लीला निघाली, ड्रायव्हर नवीन ठेवलेला, कागद एकदम पक्के, सात वर्षांचा अनुभव. धुळ्यापर्यंत फोन लागत होता, नंतर बंद. जीपीएसवर गाडी सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर उभी दिसत होती, आम्हाला वाटलं झोपला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ढाब्यावाल्याशी बोलणं झालं तेव्हा कळलं की हा आदल्या रात्रीच चावी काउंटरवर ठेवून बसमध्ये बसून निघून गेला. मी इथून दुसरा ड्रायव्हर पाठवला, तो पोचेपर्यंत अजून एक रात्र गेली, ताडपत्रीखाली कांदा तापला, दिल्लीला उतरवला तेव्हा व्यापाऱ्याने किती कापून घेतले ते सांगत बसत नाही. कांद्याऐवजी कंपनीचा माल असता तर अजून वेगळं दुखणं, कारण ई-वे बिलाला (मालाबरोबरच्या जीएसटीच्या कागदाला) साध्या मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस एवढीच मुदत असते, गाडी दोन दिवस उभी राहिली की मुदत संपू शकते, वेळेत वाढवून घेतली नाही आणि पुढे चेकिंगला गाडी धरली तर दंड वेगळा. द्राक्षाचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवाला वेळेत गेट-इन झाला नाही तर जहाज जातं. एका माणसाने चावी टाकली की एवढं सगळं होतं.

म्हणून मी कुणालाही "गॅप का आहे" हे पहिलं विचारत नाही. माझा पहिला प्रश्न असतो, शेवटची गाडी कुठे सोडली होती? आणि उत्तर ऐकताना मी माणसाच्या तोंडाकडे बघतो.

आता तुझ्या पिकअपचं बघ. तू लिहिलंय "ती पण सोडली", जणू काही हा तुझा अजून एक डाग आहे. पण तू पुढे एका ओळीत लिहिलंयस की मालकाच्या शेडमध्ये गाडी लावली, चावी आणि कागद त्याच्या मुलाकडे दिले आणि मग आलास. अरे भाऊ, हेच तर सांगायचं असतं! दोन महिन्यांचा पगार बुडवलेला मालक असूनसुद्धा तू गाडी खाली करून, घरी आणून, चावी हातात देऊन आलास. माझ्यासाठी ही एक ओळ दोन वर्षांच्या लेटरपेक्षा जास्त आहे. तीन जणांसमोर तू हे बोललाच नसशील, "पगार देत नव्हता म्हणून सोडली" एवढंच बोलला असशील, आणि समोरच्याने ऐकलं ते फक्त "सोडली".

त्या मुलाला एक फोन कर. भांडायला नाही, पगाराचा विषयही त्या फोनवर काढू नको. एवढंच विचार की मी दुसरीकडे कामाला चाललोय, तिथून फोन आला तर गाडी नीट परत दिली होती एवढं सांगशील का. बहुतेक माणसं हो म्हणतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर पैसे बुडवलेले असले की माणूस थोडा मऊही असतो. तो नाही म्हणाला तर पॅकहाऊसचा सुपरवायझर आहे, गावातला कुणी गाडीवर असलेला माणूस आहे. नवीन ड्रायव्हरला आमच्याकडे कागदावर कमी आणि ओळखीवर जास्त घेतात, हे योग्य की अयोग्य तो वाद वेगळा, पण आहे असं आहे. तुझ्या गावातला जो कुणी चार-पाच वर्षं एका मालकाकडे टिकलाय त्याच्याबरोबर जा, त्याने नुसतं "पोरगं आपल्या गावचं आहे, मी ओळखतो" म्हटलं तरी निम्मं काम होतं.

लेटरचं का नको ते आता. पहिलं कारण साधं, खोटा कागद बनवून वापरणं हा गुन्हा आहे. दुसरं कारण धंद्याचं. असली लेटरं आम्ही ओळखतो. एकाच फॉन्टमधली, एकाच शिक्क्याची, वर ट्रान्सपोर्टचं नाव आणि खाली जो नंबर आहे तो एजंटच्याच साथीदाराचा. मी फोन करून विचारतो, त्यांच्याकडे गाड्या कुठल्या, रूट कुठला, पासिंग किती टनाचं? समोरचा अडखळतो. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं, ते तुझ्याच जिवाचं आहे. दोन वर्षांचा अनुभव दाखवलास की मी तुला पहिल्याच दिवशी भरलेली दहा चाकी देऊन कसारा घाट उतरायला पाठवणार, कारण माझ्या हिशोबाने तुला येतं. तुला येत नाही. तिथे लेटर ब्रेक लावत नाही. नवीन आहे हे खरं सांगितलंस तर मी तुला आधी सहा महिने अशा जागी ठेवीन जिथे चूक झाली तरी पत्रा जाईल, माणूस जाणार नाही.

मधले महिने कसे सांगायचे हा तुझा दुसरा प्रश्न. एक साधा कागद घे, वरून खाली महिना आणि वर्ष लिहून काढ, कुठून कुठपर्यंत काय केलं, मराठीत, स्वतःच्या अक्षरात चालेल. घरी होतास ते महिनेही त्यात लिही: "वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून तीन वेळा नाशिकला घेऊन जात होतो." जागा कोरी सोडली की समोरचा त्यात स्वतःच्या मनाचं भरतो, आणि आमच्या लाईनमध्ये मनात पहिलं काय येतं? दारू किंवा पोलीस केस. तुझ्याकडे दवाखान्याची फाईल आहे, दाखवायची गरज पडत नाही पण आहे हे बोलून टाक. आणि मग समोरच्याच्या मनात जो खरा प्रश्न आहे त्याचं उत्तर न विचारता दे: आता वडिलांना कोण नेतं? भाऊ नेतो का, आई जाते का, ती व्यवस्था झाली आहे का? कारण मी विचार करणार की उद्या हा नागपूरच्या रस्त्यावर असताना घरून फोन आला तर हा काय करेल. व्यवस्था झाली नसेल तर लांबचं काम मागूच नको, नाशिक-भिवंडी किंवा एमआयडीसीतलं लोकल माग, जिथे रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी येता येतं. हे तू स्वतःहून बोललास तर माझा तुझ्यावरचा भरवसा वाढेल.

सांगायला तीन वाक्यं पुरे. लांबड लावली, डोळ्यात पाणी आणलं की समोरचा अवघडतो. आधीच्या मालकाला शिव्या तर अजिबात नको, तो कितीही वाईट असला तरी, कारण ऐकणारा पण मालकच असतो.

खरोखर पोलीस केस असेल, लायसन सस्पेंड झालेलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. तुझं तसं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाचं असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन चालू आहे की नाही ते ऑनलाइन दिसतं आणि आम्ही ते बघतोच. दारू पिऊन चालवल्याची केस असेल तर मी घेत नाही, स्पष्ट सांगतो. कायद्याने पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही आहे, पण माझं कारण तो दंड नाही. माझ्या ओळखीची दोन घरं त्यात उघड्यावर आली आहेत, यापेक्षा जास्त लिहवत नाही.

लायसनचं एक बघून घे. कार्डावर दोन तारखा असतात, एनटी आणि टीआर. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची, ती पाच वर्षांचीच असते आणि लोक नेमकी तीच विसरतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती गेली, आता तारीख उलटली की ते लायसन चालत नाही, आणि वर्ष उलटलं तर पेठ रोडच्या आरटीओत परत टेस्ट. मूळ कार्ड कुठल्याही मालकाकडे ठेवायला देऊ नको, झेरॉक्स दे. "लायसन जमा कर" म्हणणाऱ्याकडे काम करूच नये असं माझं मत आहे.

आणि तुझे ते पिकअपचे दोन महिने अनुभवात धर. कुणी म्हणेल एलएमव्हीवर (हलक्या गाडीच्या लायसनवर) ट्रान्सपोर्टची गाडी चालवलीस म्हणजे बेकायदा, तर तसं नाही. ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. लहान आयशर त्यात बसते, मोठी नाही बसत, म्हणून गाडी हातात घेण्याआधी आरसीवरचं ग्रॉस वजन (गाडी आणि माल मिळून) बघायची सवय लाव. तुझं हेवी निघालंच आहे म्हणून तुला अडचण नाही, पण ही सवय बघून मालकाला कळतं की पोरगं कागद वाचतं.

आता काम कुठे शोधायचं. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. मोठ्या फ्लीट कंपन्या, ऑटो पार्ट्सवाले, कार कॅरियर, यांच्याकडे एचआर असतो, ते पीएफचा यूएएन नंबर टाकून जुन्या नोकऱ्या बघतात, दोन-तीन वर्षांचा हेवीचा अनुभव मागतात, आणि तिथे माझ्यासारखा माणूस तोंड बघून निर्णय घेत नाही, फॉर्म नापास झाला की झाला. आज तिथे जाऊन मन खट्टू करून घेऊ नको, वर्ष-दीड वर्षाने जा. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोचे टँकर पण आज नाही, त्याला धोकादायक मालाचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद लागते. पैसे आणि सोयी तिथे बऱ्या असतात म्हणून ते डोक्यात ठेव, पण नंतरसाठी.

तुझी जागा आज आहे दोन ते दहा गाड्यांच्या मालकाकडे. आणि तिथे शिरायची जी वाट मी सगळ्या नवीन पोरांना सांगतो ती म्हणजे बदली. दिवाळी-छठला यूपी-बिहारचे ड्रायव्हर गावी जातात, होळीला पुन्हा जातात, मे महिन्यात आपल्याकडची लग्नं. त्या दिवसांत आडगावला गाड्या रांगेने उभ्या असतात आणि ड्रायव्हर मिळत नाही, गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र चालू असतो. एरवी जो मालक तुला खुर्चीही देत नाही तो तेव्हा "पंधरा दिवस येतोस का" म्हणून विचारतो. त्या पंधरा दिवसांत गाडी वेळेवर नेली-आणली, डिझेलचा हिशोब चोख दिला, तर नेहमीचा ड्रायव्हर परत आल्यावरही मालक तुला विसरत नाही. माझ्याकडच्या २३ पैकी निदान नऊ जण असेच बदलीवर आलेले आहेत. फक्त दिवाळीच्या आठवड्यात जाऊन उभं राहू नको, दसऱ्याच्या आधी जाऊन नाव आणि नंबर देऊन ठेव, परत आठ दिवसांनी तोंड दाखव.

दुसरी वाट सीझनची. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात पॅकहाऊसला गाड्या कमी पडतात, पाठोपाठ उन्हाळ कांदा, लासलगाव-पिंपळगावहून, ऑगस्टपासून टोमॅटो. तू पॅकहाऊसला सीझन काढलाय, तिथे लोडिंग कसं होतं, रीफरचं टेम्परेचर का बघतात, क्रेट कसे लावतात हे तुला माहीत आहे, आणि बहुतेक नवीन ड्रायव्हरांना हे माहीत नसतं. तू तो सीझन नुसता "मधे केलं होतं" म्हणून टाकलायस. त्याच पॅकहाऊसला ज्याच्या गाड्या लागतात त्या मालकाकडे आधी जा, तुला तिथे चेहऱ्याने ओळखत असतील. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे डंपरवाल्यांनाही माणसं लागतात, पण पहिलं काम डंपरवर घेऊ नये असं मला वाटतं, फेऱ्यांवर पैसे असतात त्यामुळे घाई फार, आणि नवीन हाताला घाईची सवय लागली की मोडत नाही.

दोन ड्रायव्हरच्या लांबच्या गाडीवर सेकंड म्हणून मिळालं तर पैसे कमी असले तरी घे. उस्ताद चांगला भेटला तर सहा महिन्यांत जे शिकशील ते एकटा दोन वर्षांत शिकणार नाहीस. उस्ताद पिणारा असेल तर दुसऱ्याच ट्रिपला मालकाला सांगून उतर. नाशिकला येऊन उतर, रस्त्यात नाही.

ट्रायलचं सांगतो, कारण तिथे बरेच जण मार खातात आणि त्यांना कळतही नाही का. तुला वाटतं चालवणं बघतात. मी चालवण्याच्या आधीचं बघतो. चावी दिल्यावर पोरगं सरळ केबिनमध्ये चढलं की माझं मत तिथेच निम्मं खाली येतं. आधी गाडीभोवती फेरी मार, टायरवर पाना मारून आवाज ऐक, जोडचाकात दगड अडकलाय का बघ, खाली ऑइल-पाणी गळतंय का, नट, लाईट, मागचा फाळका. नवीन गाडी असेल तर युरिया (धूर कमी करायला वेगळ्या टाकीत टाकतात तो) किती आहे ते मीटरवर बघ. चालू केल्यावर ब्रेकच्या एअरचे काटे वर येईपर्यंत थांब, कितीही कुणी "चल चल" म्हणू दे, प्रेशर नसलेली गाडी हलवणारा माणूस मला नको. मग चालवताना क्लचवर पाय ठेवून बसतोस का, डावा आरसा किती वेळा बघतोस, मोटरसायकल डावीकडून घुसली तर काय करतोस. रिव्हर्सला जमलं नाही तर उतरून मागे बघून ये, त्यात लाज नाही. मला तर उतरून बघणारा जास्त आवडतो. न बघता अंदाजाने लावणाऱ्याने एकदा आमच्या गोडाऊनचं शटर आणि एका हमालाचा पाय, दोन्ही धोक्यात घातले होते.

आणि मी हमखास एक प्रश्न विचारतो, भरल्या गाडीने कसारा कसा उतरशील? बरेच जण म्हणतात "ब्रेक मारत मारत". काही हुशार म्हणतात न्यूट्रल टाकून, डिझेल वाचतं. न्यूट्रल हा शब्द कानावर आला की मी पुढे बोलतच नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, जो गिअर चढायला लागला असता साधारण तोच उतरायला, एक्झॉस्ट ब्रेक चालू, वेग इंजिनने धरून ठेवायचा आणि पायाचा ब्रेक थोडा दाबून सोडायचा, सतत दाबून धरला की ड्रम तापतात आणि मग शेवटच्या वळणावर ब्रेक पायाखाली असतो पण लागत नाही. कसारा, चांदवडचा राहूड, पेठ रस्त्यावरचा सावळ घाट, सेंधव्याचा बिजासन, सगळीकडे हेच. हे उत्तर पाठ करून देऊ नको, कुणा जुन्या ड्रायव्हरबरोबर दोन वेळा बाजूला बसून कसारा उतर, एखादी भिवंडीची ट्रिप फुकट क्लीनर म्हणून कर, मग तुझ्या तोंडून ते आपोआप येईल. चार महिने लायसन खिशात घेऊन घरी बसण्यापेक्षा हे तू उद्यापासून करू शकतोस.

समृद्धीचं पण हल्ली विचारतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झालाय, रस्ता सरळ, घाट-वळण नाही, आणि तिथे खरा धोका झोपेचा आहे. "झोप आली तर?" याला "चहा पितो, तंबाखू खातो" हे उत्तर मला नको असतं. गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून मालकाला फोन करून अर्धा तास झोपतो असं सांगणारा पोरगा मी ठेवतो.

काम मिळालं की पहिल्या दिवसापासून एक वही कर. तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, काय माल, किती टन, किती किलोमीटर, डिझेल किती टाकलं. पगार शक्यतो बँकेत घे, मालक रोख देत असेल तर निदान अर्धा तरी खात्यावर टाका म्हण. एका वर्षाने ती वही आणि ते बँकेचं स्टेटमेंट हे तुझं खरं अनुभवाचं लेटर, आणि मोठ्या कंपनीत जाताना तेच कामाला येतं. एक पोरगा माझ्याकडे आला होता, दीड वर्षाचा गॅप, आधी कधी मोठी गाडी नाही, पण छोटा हत्ती चालवतानाची अशी वही होती, तेलाचे डाग पडलेली, प्रत्येक पानावर हिशोब. मी ट्रायल घ्यायच्या आधीच मनात ठरवलं होतं की याला घ्यायचं. सहा वर्षं झाली, आमच्याकडेच आहे.

मालक तुला तपासतो तसा तूही मालक तपास, कारण एकदा पगार बुडालाय तुझा. आडगावच्या चहाच्या टपरीवर त्याच्या जुन्या ड्रायव्हरांना विचार, पगार किती तारखेला होतो. गाडीचा नंबर टाकून एमपरिवहनवर इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसीच्या तारखा बघ. पॉलिसीत पेड ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का विचार, त्याचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो, तेवढंही ज्याने घेतलं नाही तो तुझी काय काळजी करणार? ओव्हरलोड भरतो का, काट्याची पावती देतो का विचार. ओव्हरलोडला २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, तो कुणी भरायचा हे आधीच बोलून घे, आणि दंडाचं सोड, ब्रेक तेवढ्या वजनासाठी बनवलेले नसतात. पहिल्याच महिन्यात मोठी उचल घेऊ नको. उचल घेतलेला माणूस वाईट मालकालाही सोडू शकत नाही, आणि मग एक दिवस वैतागून चावी ढाब्यावर ठेवतो, बरेचसे त्याच वाटेने जातात.

कधी सोडावंच लागलं तर आठ-पंधरा दिवस आधी सांग, गाडी खाली करून मालकाच्या दारात लाव, टाकीत डिझेल किती, टायर-जॅक-ताडपत्री काय काय दिलं, मीटर किती, याचा मोबाईलवर फोटो काढून मालकालाच पाठव. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या ठिकाणी मी विचारणारच की शेवटची गाडी कुठे सोडली, तेव्हा तो फोटो दाखव.

त्या तिघांपैकी ज्याने तुला "टिकत नाहीस" म्हटलं त्याच्याकडे परत जायला हरकत नाही. महिने लिहिलेला तो कागद घेऊन जा, कायमचं काम मागू नको, दिवाळीची बदली माग. आणि पिकअपवाल्याच्या मुलाशी बोलणं झालं की काय म्हणाला ते इथेच लिही, तो नाही म्हणाला तर दुसरं कुणाचं नाव द्यायचं ते मिळून बघू.